सोळापैकी चारच लिंक भरलेल्या

शनिवारी रात्री 11 ला कटओव्हर, म्हणजे जुन्या नेटवर्कवरून नव्यावर जाणं, सुरू झालं आणि पावणेदोनला टेस्टमध्ये माझ्या स्क्रीनवर 380 जीबीपीएस (सेकंदाला 380 गिगाबिट) आकडा आला. यायला हवा होता दीड टेराबिटच्या जवळपास. नवी मुंबईत महापेला आमचं डेटा सेंटर आहे, तिथलं नेटवर्क डिझाइन मी बघते, हे डिझाइन तर मीच मांडलेलं, तीन महिने भांडून मंजूर करून घेतलेलं, त्यामुळे तो आकडा बघून पोटात गोळा आला.

आधी आमच्याकडे मधोमध दोन मोठे चासी स्विच होते, म्हणजे सगळ्या सर्व्हरना जोडणाऱ्या, आत कार्डं घालून वाढवायच्या पेट्या. सर्व्हर वाढले की नवीन लाइन कार्ड घालायचं, स्लॉट संपले की अख्खी चासीच बदलायची, आणि किंमत अशी की त्यापायी सर्व्हर घ्यायचे राहून जायचे. मी म्हटलं मोठी पेटी नकोच, एकसारख्या छोट्या पेट्या घेऊ आणि त्यांचं जाळं विणू. ही कल्पना जुनी आहे, बेल लॅब्समधल्या चार्ल्स क्लॉसने 1953 मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी हे गणित मांडलं होतं, आणि 2008 मध्ये अल-फारेस, लुकिसस आणि वहदत या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसमधल्या तिघांनी दाखवलं की साधे 48 पोर्टचे इथरनेट स्विच फॅट-ट्रीमध्ये, म्हणजे वर जातानाही वाटा कमी होत नाहीत अशा थरांच्या जाळ्यात, जोडले तर 27,648 सर्व्हर एकमेकांशी पूर्ण स्पीडने बोलू शकतात. पोर्टच्या संख्येचा घन करायचा, चारने भागायचं, झालं. इतकं सुंदर गणित मी कामात फार कमी वेळा बघितलंय.

आमचं त्यामानाने छोटं. दोन पॉड म्हणजे सर्व्हरचे दोन गट, प्रत्येकात 400 सर्व्हर, त्यांना थेट जोडलेले 10 लीफ स्विच, त्या लीफना जोडणारे 4 स्पाइन स्विच, आणि दोन्ही पॉडना जोडणारे 4 कोअर स्विच. स्पाइन आणि कोअर एकाच मॉडेलचे, 32 पोर्टचे. प्रत्येक स्पाइनमधून चारही कोअरला 100 जीची एकेक लिंक, म्हणजे एका पॉडमधून बाहेर जायला 16 वाटा, 1.6 टेराबिट. पॉडच्या आत पूर्ण स्पीड, बाहेर जाताना अडीचास एक, म्हणजे आतल्यापेक्षा अडीचपट कमी जागा. पुढे पॉड वाढवत आठपर्यंत जाता येतं, कोअर बदलायची गरज नाही, आणि याच मुद्द्यावर मंजुरी मिळाली होती.

तर आकडा कमी आल्यावर सगळ्यांचा पहिला संशय ऑप्टिक्सवर, म्हणजे फायबरच्या टोकाला बसणाऱ्या मॉड्यूलवर. कोणीतरी म्हणालं स्वस्तातलं घेतलं की असंच होतं. केबलिंगवाले काका काही न बोलता टॉर्च घेऊन उठले, प्रत्येक फायबर काढून साफ करून परत लावली, मी इकडे एरर काउंटर बघतेय तर सगळे शून्य. काका म्हणाले, "मॅडम, केबल चोख आहे, तुम्ही आत बघा." आणि अजून एक गोष्ट डोक्यात अडकली होती ती म्हणजे पॉडच्या आतली टेस्ट एकदम झकास येत होती, पॉड ओलांडला की मार बसत होता.

मग मी 16 लिंकचे काउंटर एक्सेलमध्ये टाकले, आडवे कोअर, उभे स्पाइन. पहिल्या स्पाइनची फक्त पहिली लिंक भरलेली, दुसऱ्याची फक्त दुसरी, तिसऱ्याची तिसरी, चौथ्याची चौथी. बाकी 12 जवळजवळ शून्य. शीटमध्ये एक सरळ तिरकी रेघ! केबल खराब असती तर इतकी नेटकी रेघ कधीच आली नसती, तिथेच मला कळलं की हे हॅशचं, म्हणजे वाट ठरवणाऱ्या सूत्राचं, काम आहे.

स्विचला एकसारख्या चार वाटा दिसल्या की तो पॅकेटचे दोन आयपी, दोन पोर्ट आणि प्रोटोकॉल घेऊन हॅश काढतो आणि त्यावरून वाट ठरवतो, म्हणजे एका फ्लोची (दोन सर्व्हरमधल्या एका संभाषणाची) सगळी पॅकेट एकाच वाटेने क्रमाने जातात. आता समजा दर्शनाला टोकनच्या आकड्यावरून लोकांना चार दारांत वाटलं, आणि दाराच्या आतही चार रांगा आहेत पण तिथला माणूसही परत तोच आकडा त्याच नियमाने बघतोय, तर पहिल्या दारातून आलेले सगळेच पहिल्या रांगेत जाणार. आमचे लीफ आणि स्पाइन एकाच कंपनीचे, हॅश एकच, सीड, म्हणजे हॅशच्या सूत्रात घालायचा सुरुवातीचा आकडा, तोही फॅक्टरीतून आला तसाच. पेट्या एकसारख्या म्हणून जाळं स्वस्त पडलं, आणि एकसारख्या म्हणूनच ते तुंबलं. पॉडच्या आत वाट एकदाच निवडावी लागते म्हणून तिथे काही जाणवलं नाही, आणि लॅबमध्ये मी एकच पॉड उभा केला होता. ही चूक माझी, तीन थर कागदावर काढताना दुसऱ्यांदा हॅश होणार हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सीड बदलणं म्हणजे एका ओळीची कमांड. लीफला एक, स्पाइनला दुसरा, कोअरला तिसरा, कारण खाली उतरताना कोअरही चार स्पाइनमधून एक निवडतो, तो विसरलं तर परतीला तेच दुखणं. तीन वाजून चाळीस मिनिटांनी टेस्ट परत चालवली, 1.37 टेराबिट. काका मागे उभे होते, त्यांना शीट दाखवली, सोळाही घरं भरलेली, म्हणाले "आता कसं."

100 जीपैकी सगळ्यात कमी भरलेली लिंक 71 वर होती, सगळ्यात जास्त 97 वर. बॅकअपचे मोठे फ्लो असतात ना, ते योगायोगाने एकाच लिंकवर येऊन बसले की हा फरक राहतोच, हॅशला फ्लो किती जड आहे ते दिसत नाही. पॉड ते पॉड टेस्ट मी चेकलिस्टमध्ये पहिल्या नंबरवर टाकली आहे, आणि त्या 71 च्या मागे अजून लागलेच आहे.