तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या ओमा नेमक्या कुठल्या?

"तुझ्या आजेसासूबाई जर्मन की रशियन?" हा प्रश्न मला माहेरी नांदेडला विचारतात, इथे कॅनडातल्या विनिपेगमध्ये चार मराठी घरं जमली की विचारतात, आणि दिवाणखान्यातला त्यांचा फोटो पाहून नवा पाहुणाही विचारतो. पाठोपाठ दुसरा येतोच: "मेनोनाइट म्हणजे तेच ना, घोडागाडीतून फिरणारे?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं, तेव्हा ते आधी उरकते. घोडागाडीवाले ते अमिश, आणि काही जुन्या वळणाचे मेनोनाइट. दोन्ही ख्रिस्ती पंथ, आणि मूळ एकच. १५२५ साली झुरिकमध्ये काही लोकांनी ठरवलं की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही, जाणत्या माणसाने तो समजून घ्यायचा. यासाठी तेव्हा माणसं बुडवून आणि जाळून मारली गेली. मेनो सायमन्स नावाच्या डच धर्मगुरूने १५३६ मध्ये कॅथलिक चर्च सोडलं आणि या विखुरलेल्यांना सांभाळलं, म्हणून त्याचं नाव. शस्त्र उचलायचं नाही, शपथ घ्यायची नाही, हे त्यांचे नियम. मोटारीबद्दल आमच्या घराण्याचं काहीच म्हणणं नाही. ओमा ऐंशी उलटल्यावरही शेव्हरोले चालवत होत्या, आणि शेजारी बसणाऱ्याने जीव मुठीत धरावा अशी चालवत होत्या.

ओमा म्हणजे आजी. माझ्या नवऱ्याच्या आईची आई. जन्म १९११, मृत्यू २००९. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा त्यांनी नव्वदीकडे वाटचाल सुरू केली होती, तरी हिशेबाची वही स्वतःच लिहीत होत्या.

आता पहिला प्रश्न. जन्म मोलोच्ना वसाहतीतला. तेव्हा तो रशियन साम्राज्याचा दक्षिण भाग होता, आज युक्रेनचा झापोरिझ्झिया प्रांत आहे, आणि २०२२ पासून त्या गावांवर रशियन सैन्याचा ताबा आहे. घरात बोलायचे प्लाउटडीच ही उत्तरेकडची खेडवळ जर्मन, प्रार्थनेला शुद्ध जर्मन, गड्यांशी बोलायला युक्रेनी, सरकारी शाळेपुरती रशियन. पूर्वज बहुतेक डच. ते सोळाव्या शतकात छळाला कंटाळून व्हिस्तुला नदीच्या मुखाशी, डान्झिगजवळच्या (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) दलदलीत गेले. पाणी उपसून शेती करणं डच माणसाला कोण शिकवणार! जमीन पिकती झाली. पुढे तिथे प्रशियाचं राज्य आलं आणि सैन्यात न जाणाऱ्यांना नवी जमीन घेऊ देईना. तेव्हा रशियाची राणी कॅथरीन हिने नीपरकाठची मोकळी म्हटली जाणारी गवताळ जमीन देऊ केली. १७८९ मध्ये खोर्तित्सा वसली, १८०४ मध्ये मोलोच्ना. दर कुटुंबाला ६५ देस्यातिना, म्हणजे पावणेदोनशे एकरांच्या आसपास, आणि सैनिकी सेवेतून सूट.

"मोकळी म्हटली जाणारी" हे मी मुद्दाम लिहिलं. तिथे नोगाई लोक गुरं चारत होते. कॅनडातही तेच झालं. प्रेअरीच्या जमिनीवर आधी क्री आणि मेती लोक होते. मेनोनाइटांच्या घरगुती इतिहासात हे वाक्य अलीकडे येऊ लागलं आहे. ओमांच्या पिढीत ते नव्हतं.

शंभर वर्षांत या वसाहती गबर झाल्या. विटांची घरं, गिरण्या, शेती-अवजारांचे कारखाने, मुलींच्या शाळा. आणि घरोघरी राबायला युक्रेनी गडी-मोलकरणी. ओमांच्या वडिलांकडेही दोन होत्या. गडी कुठे झोपायचे, असं मी एकदा विचारलं. "तबेल्याच्या वरच्या माळ्यावर," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "थंडीत तिथे ऊब असायची." मी पुढे काही विचारलं नाही.

रशियन क्रांतीनंतर नेस्तर माख्नो या युक्रेनी बंडखोराच्या टोळ्या आल्या. माख्नो लहानपणी अशाच जर्मन शेतमालकांकडे गुरं राखायला होता. १९१९ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्याच्या माणसांनी या गावांत जे केलं त्याच्या गोष्टी इथल्या चर्चमध्ये अजून सांगतात: रात्रीत मारलेले पुरुष, स्त्रियांवरचे अत्याचार, आणि घरांत मुक्कामाला राहिलेल्या सैनिकांच्या उवांबरोबर आलेला टायफस. ओमांचे काका गोळीने गेले, आजी-आजोबा टायफसने. जे फारसं सांगत नाहीत ते हे, की शस्त्र न उचलणाऱ्या या लोकांच्या तरुणांनी तेव्हा बंदुका घेऊन स्वसंरक्षण दल उभं केलं होतं, आणि त्यावरून पुढे समाजात खूप वाद झाले. ओमांचा थोरला भाऊ त्यात होता. त्याला दोष द्यायला त्या तयार नव्हत्या आणि त्याचं कौतुकही करू देत नसत.

मग १९२१-२२ चा दुष्काळ. अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी १९२० मध्ये याच मदतीसाठी मेनोनाइट सेंट्रल कमिटी काढली होती. तिची स्वयंपाकघरं १९२२ च्या वसंतात सुरू झाली. घोडे खाऊन संपले होते, म्हणून नांगरणीला फोर्डसन ट्रॅक्टरसुद्धा आले. अकरा वर्षांच्या ओमांना लक्षात राहिला तो पांढरा पाव आणि कोको. कोकोचा डबा त्यांच्या फडताळात मरेपर्यंत होता. प्यायच्या नाहीत, पण संपू द्यायच्या नाहीत.

कॅनडाने १९१९ मध्ये मेनोनाइटांना दार बंद केलं होतं. १९२२ मध्ये मॅकेन्झी किंगच्या सरकारने ते उघडलं. भाड्याला पैसे कुणाकडेच नव्हते. सस्कॅचवानच्या रोस्थर्न गावचे डेव्हिड टेव्ज हे पाद्री पुढे झाले, आणि कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने हजारो माणसांना उधारीवर आणायचं कबूल केलं. तारण काय, तर समाजाचा शब्द. १९२३ ते १९३० मध्ये सुमारे २०,००० माणसं आली. ओमांचं कुटुंब १९२४ चं. लिख्तेनाऊ स्टेशनात मालगाडीच्या डब्यात चढले. बरोबर पोती भरून भाजून वाळवलेले त्स्वीबाक, म्हणजे एकावर एक असे दोन गोळे बसवलेले पाव. लाटव्हियाच्या हद्दीवर लाल कमान होती. गाडी तिच्याखालून गेली, रशिया मागे पडला, की सगळे डबे स्तोत्र गायला लागत. हा प्रसंग प्रत्येक घराण्यात आहे. ओमांच्या सांगण्यात स्तोत्र कमी आणि डब्यातल्या बादलीचा वास जास्त असायचा.

साउथहॅम्प्टनला डॉक्टरांनी त्यांच्या आईच्या पापण्या उलटवून पाहिल्या. ट्रकोमा, म्हणजे खुपरी. आईला इंग्लंडमध्येच थांबवून घेतलं. बाकीचे क्वेबेकच्या बोटीत. आई वर्षभराने आली. तोवर चार भावंडांचं, वडिलांचं, एका कोंबड्यांच्या खुराड्याचं सगळं तेरा वर्षांच्या ओमांकडे. थोरली बहीण तिकडेच राहिली; तिच्या नवऱ्याला वाटलं की नवं सरकार शेतकऱ्याला सुखाने जगू देईल, पिकं तर बरी येताहेत.

मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्याच प्रांतात, त्यांना शेत मिळालं ते दुसऱ्या मेनोनाइटांनी सोडलेलं. हे मला फार गमतीचं वाटतं. १८७४ पासून जे सुमारे ७,००० मेनोनाइट रशियातून इथे आले होते, त्यांतले कडवे लोक सरकार इंग्रजी शाळांची सक्ती करतं म्हणून १९२२ पासून मेक्सिकोला आणि नंतर पॅराग्वेला निघाले होते. त्यांच्या रिकाम्या घरांत हे नवे शिरले. जुने नव्यांना शिष्ट म्हणायचे, नवे जुन्यांना अडाणी. एकाच पंथाचे, एकाच भाषेचे, पण सोयरीक करताना दोन्हीकडे नाकं मुरडली जायची. नांदेडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागू नये.

आता मला खरं सांगायचं आहे ते. त्या प्रवासाच्या उधारीला रायझेशुल्ड म्हणत. मुद्दल साधारण साडेसतरा लाख डॉलर, वर व्याज. गव्हाचा भाव पडला, मंदी आली, शेतातून कर्ज फिटेना. ते फेडलं मुख्यतः मोलकरणींनी, असं माझं मत आहे, आणि समारंभांत या मुलींचं नाव शेवटी येतं याचा मला राग आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुली शहरात पाठवल्या गेल्या. शेतात मुलगे हवेत, आणि शहरात इंग्रज बायकांना घरकामाला पोरी हव्यात. ओमा १९२७ मध्ये विनिपेगला वेलिंग्टन क्रेसंटवरच्या एका बड्या घरात लागल्या. ज्यांच्या घरी दोन मोलकरणी होत्या त्यांची मुलगी. पहाटे शेगडी पेटवायची, चांदीची भांडी घासायची, मालकिणीच्या कुत्र्याला फिरवायचं. पगार गावी.

गुरुवारी दुपारी सुट्टी. त्या दुपारी शहरभरच्या मेनोनाइट पोरी मुलींच्या वसतिगृहावर जमायच्या. विनिपेगमध्ये अशी दोन होती, मेरी-मार्था आणि एबेनेझर. विणकाम, भजन, गावची पत्रं, आणि पोट दुखेपर्यंत मालकिणींच्या नकला. तिथली व्यवस्थापिका नोकरी लावून द्यायची, आणि एखाद्या घरी मालकाचे हात वळवळतात असं कळलं की त्या घरी पुन्हा मुलगी पाठवायची नाही. आजच्या भाषेत ही युनियनच होती, पण चर्चच्या वडीलधाऱ्यांना तसं कुणी म्हटलेलं रुचलं नसतं. ओमांना आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कुठले, असं विचारलं तर त्या गुरुवार म्हणायच्या.

त्यांनी आठ वर्षं तिथे काढली, मग लग्न. नवरा दुसऱ्या महायुद्धात शस्त्र नाकारणाऱ्यांत. ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलात झाडं लावायला सरकारने नेला, आणि ओमा दोन पोरांसह शेतावर. १९४६ च्या नोव्हेंबरमध्ये कर्ज संपलं. दहा लाखांहून जास्त व्याज रेल्वेने सोडलं होतं. बावीस वर्षं. आपल्या वाट्याचं फेडलेल्या घरांनी न फेडणाऱ्यांचंही भरलं. कुणी भरलं नाही त्यांची नावं ओमांना पाठ होती. आडनाव ऐकलं की ओठ मिटायचे.

बहिणीचं काय झालं? तिचा नवरा १९३७ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी रात्री उचलून नेला. १९४३ मध्ये माघारी जाणाऱ्या जर्मन फौजेबरोबर सुमारे ३५,००० मेनोनाइट गाड्या जुंपून पश्चिमेला निघाले, त्यांत ती आणि तिची मुलगी होत्या. जर्मनीत पोचल्या, आणि १९४५ मध्ये रशियनांनी परत धरून कझाकस्तानात टाकल्या. स्टालिन गेल्यावर काही वर्षांनी पहिलं पत्र आलं. बहीण तिकडेच वारली. भाची १९८९ मध्ये जर्मनीत येऊ शकली. ओमा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विमानाने तिला भेटायला गेल्या. भेट काही गोड झाली नाही. भाचीने विचारलं की तुम्ही सगळे सुटलात तेव्हा आईला ओढून का नाही नेलंत. ओमांनी हे घरी आल्यावर जसंच्या तसं सांगितलं, स्वतःची बाजू न मांडता. त्यानंतर भाचीला दर महिन्याला पैसे जाऊ लागले. वहीत त्याला त्यांनी वेगळं पान केलं होतं आणि वर मथळा दिला होता: रायझेशुल्ड.

मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "नलगोंडा तुझ्या घरापासून किती लांब?" मी चाटच पडले. तर १८९० च्या सुमारास मोलोच्नातून फ्रीझन नावाचं मिशनरी जोडपं नलगोंड्याला गेलं होतं, आणि ओमांच्या आईपासून तिथे वर्गणी जायची. नलगोंडा आणि नांदेड, दोन्ही निजामाच्या राज्यात. मी सांगितलं की माझी आजी १९४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने रातोरात हद्द ओलांडून वऱ्हाडात उमरखेडला गेली होती. "बरोबर काय घेतलं?" त्यांचा पुढचा प्रश्न. ज्वारीचं पीठ, म्हटलं. त्यांना ते पटलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

तर जर्मन की रशियन? १९४१ च्या जनगणनेत अनेक मेनोनाइटांप्रमाणे ओमांनीही मूळ 'डच' लिहिलं. जर्मनीशी युद्ध चालू होतं. नंतर 'जर्मन' लिहू लागल्या. म्हातारपणी 'रशियन मेनोनाइट' हा शब्द रूढ झाला तेव्हा तोही चालवून घेतला. यातलं कुठलंच खोटं नव्हतं. मला विचाराल तर त्यांना देश या गोष्टीत फारसा रसच नव्हता. कुणाचं देणं राहिलं आहे, यात होता.

२०२२ नंतर मात्र घरात वेगळीच भांडणं. युद्धातून निघालेली बरीच युक्रेनी कुटुंबं विनिपेगला आली. माझ्या सासूबाईंच्या चर्चने त्यांतल्या एकाची जबाबदारी घेतली, गाव झापोरिझ्झिया, ओमांच्या गावापासून फार लांब नाही. सासूबाई तेव्हापासून "आम्ही मूळचे युक्रेनचे" असं सांगू लागल्या आहेत, आणि त्यांचे भाऊ म्हणतात की आपण तिथे मालक होतो, हे सांगायला तोंड आहे का. पहिल्या रविवारच्या जेवणात सासूबाईंनी त्या कुटुंबातल्या पाहुणीला ओमांच्या पद्धतीचा म्हणून बोर्श, म्हणजे तिकडचं सूप, वाढला: कोबी, बटाटा, शेपू, वर साय. बीट अजिबात नाही. पाहुणीने दोन वाट्या खाल्ल्या, तोंड पुसलं आणि म्हणाली, "सूप छान झालंय. पण हा बोर्श नव्हे." सासूबाई अजून तिच्यावर घुश्शात आहेत. दर रविवारी तिला जेवायला बोलावतात, आणि दर रविवारी तेच वाढतात.