आमची वाटचाल : शिवसागरावरचा वल्ह्यांचा धंदा

शिवसागरावर इंजिनाच्या बोटींची रांग लागलेली असताना, कुटुंबांना कॅनोत, म्हणजे वल्ह्यांनी चालणाऱ्या अरुंद, हलक्या होडीत, बसवून त्यांच्याच हाती वल्हे देणारा आमचा व्यवसाय महाबळेश्वरजवळच्या तापोळ्यात आजही उभा आहे, ही गोष्ट काही जणांना अजून पचलेली नाही. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचाच जलाशय. त्याची क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी वीजनिर्मितीसाठी पाणी बोगद्यांतून कोकणाकडे उतरत राहते. त्यामुळे दिवाळीत पायरीशी असलेला काठ मे महिन्यात चिखलाच्या उताराखाली दूर गेलेला असतो. मोठ्या बोटीला तेथे धक्का हलवावा लागतो, तर आमची कॅनो दोन माणसे खांद्यावर घेऊन खाली नेतात.

आमच्या कॅनो फायबरच्या; त्यांचा पहिला साचा आमचे भागीदार सुतारमामा यांनी फळ्या तासून केला. त्यावर मेण, मग जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर), मग रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची मॅट, आणि प्रत्येक थरातील हवेचे बुडबुडे रोलरने काढल्याखेरीज पुढचा थर नाही, ही त्यांची शिस्त होती. आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत ते रेझिनच्या डब्याला हातही लावत नसत. घाईने घडवलेली फायबरची होडी कोठे सोलते, हे ज्यांनी हे काम केले आहे त्यांना सांगायला नको.

त्यानंतरची बरीच वर्षे सुरळीत गेली. मग आमच्या शेडसमोर एका गृहस्थांनी स्पीडबोटी आणल्या. स्पर्धेला आमची हरकत नव्हती; परंतु महाबळेश्वरहून येणाऱ्या गाड्यांच्या चालकांना कमिशन बांधून देणे, ‘कॅनो उलटते’ असे लेकुरवाळ्या बायकांना सांगणे, आणि आमची मंडळी पाण्यात असताना मुद्दाम जवळून बोट नेऊन लाटा उठवणे, याला स्पर्धा म्हणत नाहीत. लेखी तक्रार केली; तिची पोच मिळाली, उत्तर अद्याप यायचे आहे. पुढे 2020 च्या टाळेबंदीत पर्यटन थांबले, शेडच्या कर्जाचे हप्ते थकले, आणि नेमके तेव्हाच त्या गृहस्थांनी आमच्या सर्व होड्या साच्यासकट भंगाराच्या भावात मागितल्या. सुतारमामा त्या दिवशी साच्यावर ताडपत्री बांधत होते. त्यांनी मान वर न करता ‘विकायचा नाही’ एवढेच सांगितले.

आम्हांला तारले ते सांगलीच्या हळदीच्या एका अडत्यांनी. सुना-नातवंडांसह दर दिवाळीत येणाऱ्या या अण्णांनी, पुढची दिवाळी कशी जाईल हे कोणालाच ठाऊक नसताना, संपूर्ण कुटुंबाचे पैसे आगाऊ पाठवले आणि पावतीसुद्धा मागितली नाही. त्या रकमेतून थकलेले हप्ते भरले गेले. अण्णा अजूनही मागच्या बैठकीवरच बसतात आणि दिशा स्वतः धरतात, मुलांना धरू देत नाहीत.

ते योग्यच आहे, म्हणून येथे सांगून ठेवतो. वजनदार आणि शांत स्वभावाच्या माणसाने मागे बसावे, पुढच्याने केवळ ताल धरावा, आणि लहान मुलांना मध्ये तळाशी बसवावे. उभे धरलेले वल्हे साधारण हनुवटीपर्यंत यावे. लाईफ जॅकेट खांद्याशी धरून वर ओढल्यावर कानापर्यंत सरकत असेल, तर ते नुसते घातलेले आहे, बांधलेले नाही. छायाचित्रासाठी होडीत उभे राहणाऱ्या जावयांना आम्ही पैसे परत देऊन काठावर उतरवतो, मग सासरे रागावले तरी चालेल. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठतो, तेव्हा कितीही आग्रह झाला तरी कॅनो पाण्यात जात नाही.

हल्ली स्पीडबोटीत पाच मिनिटांची फेरी मारून उतरलेली कुटुंबे दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे येतात. गेल्या हंगामात समोरच्या गृहस्थांनी निरोप पाठवून त्या गिऱ्हाइकांवर कमिशन मागितले. आमचा दर फलकावर लिहिलेला आहे आणि त्यात कमिशन धरलेले नाही, असे त्यांना लेखी कळवले असून त्याची पोच आमच्याकडे आहे.