‘हम’ला मराठीत काय म्हणायचं?

रमजानच्या तोंडावर मोमिनपुऱ्यातल्या एका मौलानांचं बयान, म्हणजे धार्मिक प्रवचन, मराठी सबटायटलसाठी माझ्याकडे आलं. विषय शेजाऱ्याचा हक्क. स्वतः पोटभर जेवतो आणि बाजूचा शेजारी उपाशी, तो मोमिन, म्हणजे खरा श्रद्धावंत, नव्हे, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, मध्यभागी.

अशा बयानांबद्दल लोक आवाजाच्या चढउतारावर बोलतात. मला विचाराल तर सगळी ताकद ‘हम’मध्ये असते. ‘हम ग़ाफ़िल हैं’ म्हणत वक्ता आधी स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, ऐकणारा आपसूक त्याच्या बाजूला जातो. मग लगेच ‘मेरे भाई’ अशी एकट्याला हाक. कुरआनात सूरह नहलच्या १२५व्या आयतीत हिकमतीने, म्हणजे शहाणपणाने, आणि चांगल्या उपदेशाने बोलवा असं सांगितलंय. ते मला या ‘हम’मध्ये दिसतं.

मराठीत मात्र ‘आम्ही’ की ‘आपण’, हे ठरवावंच लागतं. सहा सेकंदांत दोन ओळी वाचून व्हायला हव्यात, खुलासा कुठे घालणार? मशीनचं भाषांतर सर्रास ‘आम्ही’ टाकतं आणि क्लिपा कापणारी पोरं ते न वाचता चढवतात. याची मला चीड आहे. आणि त्या दिवशी घाईत ‘आम्ही पोटभर जेवून झोपतो’ हे मीच लिहिलं.

संध्याकाळी मौलानांचा फोन आला. “ताई, आपने सुननेवाले को छोड़ दिया. अब वो आराम से बैठा है.” दहावीपर्यंत मराठी शिकलेला माणूस, बरोबर बोट ठेवलं. ‘आपण’ केलं.

पुढचं वाक्य होतं, ‘हम मुसलमानों ने यह हक़ भुला दिया.’ तिथे ‘आपण मुसलमान’ लिहिलं. रात्री शेजारच्या काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “आधी मलाही धरून बोलत होते गं. मग मी बाहेर.” शेजाऱ्याचा धर्म कोणताही असो, हक्क आहेच, हे मौलाना त्याच बयानात सांगतात. आणि काकू तर भिंतीपलीकडच्याच.

‘आम्ही मुसलमान’ केलं तर काकूंपुढे कबुली होते, पण मशिदीतला पोरगा सुटतो. सर्वनाम गाळलं तर कुणी तिऱ्हाईत आरोप करतोय असं वाटतं. मौलानांना विचारलं, मराठी कोणासाठी? म्हणाले, “दोनों के लिए.”

‘आपण मुसलमान’ ठेवून फाइल पाठवली. काकूंना अजून सांगितलेलं नाही.