साखर वितळते, मग मीठ का नाही?

मी रसायनशास्त्र शिकवते हे कळलं की स्वयंपाकघरातला हा प्रश्न हमखास येतो. साखर आणि मीठ, दोन्ही पांढरे स्फटिक. कोरड्या कढईत साखर वितळून तांबूस होते आणि मीठ नुसतं तडतडत राहतं, असं का? आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

गोव्यात पेडण्यातल्या आगरवाड्याचं खडेमीठ मिळालं तर एक खडा भिंगाखाली धरा. कडा काटकोनी दिसतील. सुरीच्या पात्याने अलगद ठोकलात तर तुकड्यांच्या बाजूही सपाटच निघतात. ही काटकोनी घडण आतूनच आलेली असते. प्रत्येक सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू; सोडियमचा धन, क्लोराइडचा ऋण) सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. मिठात सुटा रेणू नसतोच. विद्युतभारांची ओढ खड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असते. ती सारी रचना ढासळायला 801 अंश सेल्सियस लागतात, आणि कढईतलं मीठ तेवढं तापत नाही. (तडतडतं ते खड्यात अडकलेलं खारं पाणी.)

साखरेत 45 अणूंचे सुटे रेणू असतात. रेणूच्या आतले सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बांधलेले) भक्कम, पण रेणूला रेणू धरून ठेवतात ते हायड्रोजन बंध, त्यामानाने बरेच नाजूक. 185 अंशांच्या आसपास ते सुटतात. त्याच सुमारास रेणूही मोडू लागतात, म्हणून तो तांबूस रंग.

तेव्हा 'साखरेतले बंध कच्चे' हे उत्तर मला मुळीच पटत नाही. भक्कम बंध कुठवर पोचतो, ते बघायला हवं. ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला कार्बन, घ्या. त्याच्या थरातले कार्बन अणू एकमेकांपासून 0.142 नॅनोमीटरवर असतात, हिऱ्यात 0.154 वर. म्हणजे थरातला बंध हिऱ्यातल्यापेक्षाही आखूड आणि बळकट! पण हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार दिशांनी बांधलेला. ग्राफाइटचे थर मात्र एकमेकांपासून 0.335 नॅनोमीटर दूर, मधली ओढ क्षीण. म्हणून पेन्सिल कागदावर उमटते. मला हे उदाहरण फार प्रिय आहे.

मग पुढचा प्रश्न येतोच: मीठ फुटतं, तर तांब्याची तार वाकते कशी? मिठाचा एक थर जरा सरकला की समान भार समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलतात, खडा तडकतो. तांब्यात इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंचे सामाईक. थर सरकले तरी बंध तसाच राहतो.