तिसरा गिअर का सुटत होता

मागच्या चाकांवर चालणारी, थेट गिअरबॉक्समधून गिअरचा दांडा वर येणारी जीप. तक्रार एकच : करूळ घाट उतरताना तिसरा गिअर आपोआप न्यूट्रलला येतो. एका गॅरेजात सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारी कडी) आणि स्लीव्ह (सरकून गिअरमध्ये अडकणारं दातेरी कडं) बदलायचं सांगितलं होतं, म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवायचा. मालक त्या खर्चाला तयारही झाले होते. जाता जाता म्हणाले, "मिस्त्री, दांडा तेवढा आखूड करून घेतलाय. आता शिफ्ट झटक्यात होते." ते ऐकल्यावर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी मी मोजपट्टी काढली.

दांडा म्हणजे तरफ. मधे गोळा, म्हणजे पिव्हट. या गाडीत पिव्हटपासून नॉबच्या मध्यापर्यंत मूळ लांबी ३०० मिमी, आणि पिव्हटच्या खाली, रेल, म्हणजे गिअरबॉक्सच्या आतली सळई, सरकवणारं टोक ४० मिमी. गुणोत्तर ७.५. रेल ८ मिमी सरकली की गिअर पूर्ण बसतो, म्हणून नॉब न्यूट्रलपासून ६० मिमी जातो. मालकांनी वरचे ८० मिमी कमी करून घेतले होते. उरले २२०, गुणोत्तर ५.५, नॉबची चाल ४४ मिमी. पण ३०० भागिले २२० म्हणजे १.३६. चाल जेवढ्या पटीनं घटली, तेवढ्याच पटीनं जोर वाढतो. पूर्वी नॉबवर ४ किलो जोर पुरत असेल, तर आता साडेपाचच्या आसपास लागतो. सिंक्रोला लागणारा वेळ मात्र तेवढाच राहतो. थंड तेलात घाईनं गिअर टाकला तर तो करकरणारच.

तरीही निव्वळ आखूड दांड्यानं गिअर सुटत नाही. गिअर धरून ठेवतात ते रेलवरच्या खाचेत बसणारी स्प्रिंगची गोळी आणि स्लीव्हचे दात. दांडा फक्त त्यांना तिथपर्यंत नेतो. मग नेतोय का, हे पाहायचं. इंजिन बंद ठेवून न्यूट्रलपासून मापं घेतली. चौथ्यात, म्हणजे मागे, ४४ मिमी. तिसऱ्यात, म्हणजे पुढे, फक्त ३५. दोन्हीकडची चाल जवळपास सारखी यायला हवी. पुढे ९ मिमी कमी पडले, तिथेच उत्तर होतं.

कन्सोल आणि बूट, म्हणजे दांड्याभोवतीचं चामड्याचं आवरण, काढला. दांडा पिव्हटपासून साधारण ७५ मिमी वर कापून, मधला तुकडा काढून, जोडावर पाइपाची बाही चढवून वेल्ड केलेला होता. १४ मिमीच्या दांड्यावर २४ मिमीची बाही, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ मिमी. वर पुढच्या अंगाला ३ मिमीचा वेल्डचा गोळा. नेमकी त्याच उंचीला टनेलवरच्या, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या फुगवट्याच्या, पत्र्याची कड येते. मूळ दांडा तिथून ५ मिमी मोकळा जातो. जाडी ८ वाढली, म्हणजे ३ मिमी तूट. कडेला खडू घासून तिसरा टाकला, तर वेल्डच्या गोळ्यावर पांढरी खूण उमटली. ७५ मिमी उंचीवरचे ३ मिमी खाली रेलवर १.६ मिमी होतात. आठातले १.६ गेले, म्हणजे स्लीव्ह पाचवा भाग बाहेर. घाटात ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन त्याच्या रबरी माउंटवर डुलतं, दांडा त्याच्यासोबत हलतो, पत्रा मात्र जागेवर राहतो आणि दांड्याला मागे ढकलतो. अर्धवट बसलेले दात उलट्या ताणात सुटतात. पहिल्यात आणि पाचव्यातही चाल कमीच पडत होती, पण घाट उतरताना तिसराच लागतो.

वेल्डिंग गाडीतच झालं होतं, याचा मला फार राग आला. उष्णतेनं पिव्हटची नायलॉनची वाटी मऊ पडून एका बाजूला बसली होती. शिवाय अर्थ क्लॅम्प लांब चॅसिसला लावला, तर करंट गिअरबॉक्सच्या बेअरिंगांतून वाट काढू शकतो. दांडा सोडवून, बाहेर व्हाइसमध्ये धरूनच काम करावं. ज्या दांड्यांच्या पोटात रबरी बुश असतो, ते तर जळून कायमचे वाजायला लागतात. आणि रिव्हर्ससाठी नॉबखाली उचलायची रिंग असेल, तर तो दांडा कापूच नये. आतली तार किंवा नळी त्याच मापाची असते.

मूळ मापाचा जुना दांडा मिळवला, वाटी नवी टाकली, ग्रीस भरलं. मालकांना मी ३० मिमीच कमी करायला सुचवलं : २७० मिमी, नॉबची चाल ५४, जोरात वाढ ११ टक्के. कापायचं ते वरून, सरळ भागातून. वाकडा दांडा लेथवर फिरवता येत नाही, म्हणून उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून आतून सरळ बोअर केलेली गाइडची नळी करून घेतली आणि आटे पाडायची डाय हातानं चालवली. टोक आधी ९.९ मिमीपर्यंत उतरवलं, कडेला तिरपा उतार दिला, खांद्यावर धारदार कोपरा न ठेवता गोलाई ठेवली, कारण तडा तिथूनच जातो. मग एम-१० चे २५ मिमी आटे : अर्धा फेरा पुढे, पाव मागे, तेल सतत. नॉब ढिला होऊ नये म्हणून खाली चेकनट आणि निळं थ्रेडलॉक.

लांबी वाढवायची असेल, तर ५० मिमीचा ईएन-८ स्टीलचा जोड चालतो, आटे निदान १५ मिमी आत गेले पाहिजेत. गुणोत्तर ८.७५ होतं, हाताला हलकं लागतं. पण त्याच हलकेपणामुळे माणूस नकळत शेवटपर्यंत दाबतो आणि स्लीव्ह सरकवणाऱ्या फोर्कच्या पॅडवर भार येतो. पुढे डॅशबोर्ड आणि बोटांची गाठ पडते का, मागे सीटची गादी लागते का, हे प्रत्येक गिअरला पाहावं.

बूटही आवळलेला होता. स्प्रिंगकाट्यानं मोजलं तर तिसऱ्यात तो दांड्याला दीड किलोनं मागे ओढत होता. बूटचं चामडं कापताना दांडा सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ठेवावा आणि तिथेही २५ ते ३० मिमी ढिलाई सोडावी.

जोडल्यावर मापं पुन्हा घेतली. पुढे ५४, मागे ५४. मग मोकळ्या जागेत मदतनीसाला गाडी हळू पुढे-मागे घ्यायला लावली आणि इंजिन डुलताना दांडा पत्र्यापासून किती राहतो ते पाहिलं. माउंट बसलेले असल्यानं अंतर ४ मिमीवर आलं. ते मला कमी वाटलं, म्हणून दोन्ही माउंट बदलले. अर्धवट गिअरवर धावलेल्या स्लीव्हच्या दातांचे कोपरे झिजलेले असू शकतात, म्हणून गिअर ऑइल काढून लोखंडाचे कण धरणारा मॅग्नेट पाहिला. बारीक करडी पेस्ट होती, तुकडे नव्हते. करूळ घाटात तिसऱ्यात ३००० आरपीएमला ॲक्सिलरेटर पुन:पुन्हा सोडून-दाबून पाहिला, गिअर धरून राहिला. सुटला असता, तर मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागला असता. गिअरबॉक्स खाली न उतरवता गाडी परत दिली. मालकांना दर सर्व्हिसला चेकनट आणि बूटची ढिलाई तपासून घ्यायला सांगितलं आहे.