एथिक्स कमिटीची मंजुरी आणि आमचे गेलेले चार महिने (माझा अनुभव)

माणसांवरच्या संशोधनाला आधी परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी मिळून वर्ष होत आलं, तरी तो विषय निघाला की अजून डोकं तापतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते, फील्ड एक्सपेरिमेंट (प्रत्यक्ष शाळा-गावांत जाऊन केलेला प्रयोग) करणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचा प्रयोग तसा साधा. वाचनात मागे पडलेल्या मुलांना शाळेतच रोज एक तास वेगळं शिकवलं तर फरक पडतो का, एवढंच बघायचं होतं. 60 शाळा, त्यातल्या 30 मध्ये शिकवणी, 30 मध्ये नाही (हा कंट्रोल गट), कुठल्या ते सोडतीने ठरणार. पैसे, शिकवणारी संस्था, मुख्याध्यापकांचे होकार सगळं जमलं. शाळा उघडेपर्यंत मंजुरी हवी होती, कारण बेसलाइन चाचणी (मुलांची सुरुवातीची पातळी मोजणारी) शिकवणीच्या आधीच घ्यावी लागते, नंतरची काही कामाची नाही. हातात चार महिने होते, मला वाटलं भरपूर झाले.

कमिटी बसते महिन्यातून एकदा. पहिल्या बैठकीनंतर एका ओळीचं उत्तर आलं, 'कंट्रोल गटातील मुले लाभापासून वंचित राहतात, खुलासा करावा.' मी दोन पानं लिहिली. लाभ होतो हेच अजून माहीत नाही, माहीत असतं तर प्रयोग कशाला केला असता? आणि पैसे मुळात 30 शाळांनाच पुरणार होते, म्हणजे बाकीच्या राहणारच होत्या, मग त्या ओळखीपाळखीने ठरवायच्या की सोडतीने? सोडतीइतकं न्याय्य दुसरं काही नाही असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पुढच्या महिन्यात तीच ओळ जशीच्या तशी परत, आणि खाली नवीन, शिक्षण विभागाचं परवानगीपत्र जोडा. विभागात गेले तर साहेब म्हणाले, "मॅडम, आधी एथिक्सचं पत्र आणा, मग सही करतो." कमिटीच्या ऑफिसात सांगितलं तर ते म्हणाले आधी विभागाचं आणा. तीन आठवडे मी नुसती या दोन टेबलांमध्ये फिरत होते, रात्री झोप लागत नव्हती. शेवटी विभागातल्याच एका क्लार्कताईंनी हळूच सांगितलं, 'एथिक्स मंजुरीच्या अधीन राहून तत्त्वतः मान्यता' असे शब्द घालून अर्ज करा. दोन दिवसांत सही झाली! हे शब्द लिहून ठेवा.

तिसऱ्या बैठकीला मला आत बोलावलं. एक सदस्य म्हणाले, शाळा 30 च घ्या आणि प्रत्येकीत 20 ऐवजी 40 मुलं घ्या, मुलं 1200 च राहतात ना. नाही राहत हो. एका शाळेतल्या मुलांचे शिक्षक एकच, वर्ग एकच, त्यामुळे त्यांचे मार्कही एकमेकांसारखे असतात. हा सारखेपणा 0 ते 1 च्या मापावर 0.1 धरला तर 60 शाळांमधली 1200 मुलं सुट्या निवडलेल्या साधारण 414 मुलांच्या तोडीची होतात, आणि 30 शाळांमधली तितकीच मुलं जेमतेम 245 च्या. हे गणित मी तिथे फळ्यावर करून दाखवलं, तेव्हा कुठे तो मुद्दा मिटला. हे गणित पहिल्याच अर्जाला जोडा, विचारायची वाट बघू नका.

'वंचित'चा मुद्दा मात्र माझ्या खुलाशाने सुटलाच नाही, डिझाइन बदलल्यावर सुटला. कंट्रोलच्या 30 शाळांना दुसऱ्या वर्षी शिकवणी द्यायची असं ठरवलं, जादा पैसे मिळवायला पुन्हा धावपळ झाली. सोबत दोन उदाहरणं जोडली. केनियात मिगेल आणि क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी जंतांच्या औषधाचा प्रयोग असाच केला होता, 75 शाळांचे तीन गट, औषध 1998, 1999 आणि 2001 पासून. मेक्सिकोच्या प्रोग्रेसा या गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या योजनेत 506 गावांपैकी 320 गावांना आधी पैसे मिळाले, उरलेल्या 186 ना नंतर. याची किंमतही आहे, कंट्रोलला शिकवणी मिळाली की पुढच्या वर्षांचा परिणाम नीट मोजता येत नाही. मला ते सोडावं लागलं, त्याचं वाईट वाटतं. चौथ्या बैठकीत मंजुरी आली तेव्हा शाळा उघडून तीन आठवडे झाले होते. ईमेल वाचून मी रडले, खरंच.

संमतीपत्राचं राहिलंच. आमच्या पहिल्या मसुद्यात 'यादृच्छिक पद्धतीने निवड' असं होतं. चार पालकांना वाचून दाखवलं तर एका आईने विचारलं, "म्हणजे आमच्या पोराचा नंबर नाही लागला तर तो नापास का?" मग आम्ही लिहिलं, 'कोणत्या शाळेत शिकवणी आधी सुरू होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरेल, मुलाच्या हुशारीशी त्याचा संबंध नाही.' पालकांची सही घेतली तरी मुलालाही वेगळं विचारायचं, तोही फॉर्म पहिल्यापासून जोडा.

आणि कमिटीसाठी थांबलेलं असतानाच प्रयोगाचं रजिस्ट्रेशन, म्हणजे आधीच करायची जाहीर नोंदणी, लिहून काढा. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या रजिस्ट्रीत मुख्य निकाल कुठला मोजणार ते आधीच नोंदवता येतं. सोडत कॉम्प्युटरवर काढली तर सीड नंबर (ज्याने तीच सोडत पुन्हा तशीच निघते तो आकडा) जपून ठेवा, आमच्याकडे एका मुख्याध्यापकांनी यादी पुन्हा काढून दाखवा म्हटलं, आणि तीच्या तीच यादी निघाली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ठीक आहे, आमचं पुढच्या वर्षी, तारीख तेवढी सांगून ठेवा."