पुस्तकात असं नाहीये

हे वाक्य पूर्वी थिएटरात म्हटलं की मागच्या रांगेतून 'श्शूऽऽ' यायचं. आता आपल्याच सोफ्यावर पाय वर घेऊन, शेंगदाणे सोलत बिनधास्त म्हणता येतं. परवा मी ते बारा-पंधरा वेळा तरी म्हटलं असेल. शेवटी सासूबाईंनी रिमोट हातात घेतला आणि म्हणाल्या, "मग पुस्तकच वाच की बाई, आम्हाला बघू दे."

सिनेमा होता 'मेमॉयर्स ऑफ अ गेशा'. आर्थर गोल्डनची कादंबरी १९९७ची, रॉब मार्शलचा सिनेमा २००५चा. कोळ्याच्या घरातली, निळ्या-करड्या डोळ्यांची चियो जपानातल्या क्योटोच्या गिओन वस्तीतल्या गेशाघराला विकली जाते आणि पुढे सायुरी नावाची, नाचगाण्याने मैफली रंगवणारी नामांकित गेशा होते, अशी ती गोष्ट. मी कॉलेज संपल्यावर वाचली होती आणि रात्रीच्या रात्री जागवल्या होत्या. सुरुवातीला एका प्राध्यापकांचं निवेदन आहे: या बाईंनी स्वतः सांगितलं, मी फक्त अनुवाद केला. मला ते शंभर टक्के खरं वाटलं. सायुरी कुठल्या साली वारली हे शोधायलाही निघाले होते मी! प्राध्यापक काल्पनिक आणि सायुरीही काल्पनिक, हे कळलं तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटलं. पण लेखकाला मनातून दादही दिली. अमेरिकेतल्या एका पुरुषाने क्योटोच्या बाईच्या तोंडून 'मी' म्हणायचं आणि पुण्यातल्या पोरीने त्यावर विश्वास ठेवायचा, ही काही साधी गोष्ट नाही.

तर प्रेक्षक आम्ही तिघी. मी पुस्तकवाली. सासूबाई कोऱ्या पाटीच्या. आणि माझी मावसबहीण, जी दोन वर्षं जपानात राहून आली आहे आणि आता इथे जपानी शिकवते. पुण्यात काही तोटा नाही तशा माणसांचा. इमारतीत एक तरी असतंच.

सासूबाईंचं मत पहिल्या अर्ध्या तासात ठरलं. चियोला पुलावर बर्फाचा गोळा घेऊन देणारा तो सभ्य चेअरमन पुढे तिचा प्रियकर होणार, हे त्यांनी ओळखलं आणि म्हणाल्या, "बापाच्या वयाचा आहे मेला." यावर 'पुस्तकात' काही वेगळं नाही, त्यामुळे मी गप्प. पण चियोची वैरीण, त्याच घरातली गेशा हात्सुमोमो, पेटते दिवे फेकून घर जाळायला निघाली तेव्हा मला राहवेना. पुस्तकात आग नाहीच. तिथे ती एका नटाला कडकडून चावते आणि तिचे दिवस भरतात. मला तो चावा फार आवडला होता. आग काय, कुणीही लावतं.

बहीण मात्र कथेवर अवाक्षर बोलत नव्हती. तिचं लक्ष भलतीकडेच. सायुरीचा तो गाजलेला नाच आला. निळा उजेड, वरून पडणारा कागदी बर्फ, पायात वीतभर उंच पादत्राणं, मोकळे सुटलेले केस. मी आणि सासूबाई श्वास रोखून बघतोय आणि ही हसतेय.

"ताई, ती चप्पल रस्त्यावर घालायची असते गं. नाचताना पायात ताबी असते, पांढरे मोजे. पाऊल उचलायचंसुद्धा नाही फारसं, घासत न्यायचं. आणि ते केस! माइकोचा, म्हणजे शिकाऊ गेशाचा, अंबाडा मोडू नये म्हणून मानेखाली उंच लाकडी उशी घेऊन झोपायचं, इतका त्याचा जपणुकीचा खटाटोप. आणि ही भर रंगमंचावर झिंज्या सोडून नाचतेय."

मी म्हटलं, "दिसतंय किती सुंदर पण!"

"सुंदर दिसतंयच की. मी कुठे नाही म्हणतेय?"

गंमत म्हणजे या सिनेमाला तीन ऑस्कर मिळाली ती वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि छायाचित्रण यांचीच. जिथे जाणकार जपानी माणूस बोट ठेवणार, नेमकी तिथेच. नायिका चिनी, तिची वैरीण चिनी, तिची गुरू मलेशियाची. जपानात प्रश्न आला, आमच्यात नट्या नव्हत्या का? चीनमध्ये उलट संताप, युद्धात जपान्यांनी एवढे अत्याचार केले आणि आमची झांग झियी गेशा होते? तिथे तर २००६ साली सिनेमा लागूच दिला नाही. ढोलकीसारखी दोन्हीकडून थाप. मला विचाराल तर हात्सुमोमो झालेली गाँग ली जपानी नसल्याचं दुःख मला एक क्षणही झालं नाही; ती पडद्यावर असली की बाकी कुणी दिसतच नाही. मला खुपलं ते इंग्रजी. आपल्याच घरात, आपल्याच बहिणीशी माणसं परक्या भाषेत अडखळत बोलतात. कादंबरीही इंग्रजीच, पण वाचताना कानात जपानी ऐकू येत होती.

आणि मिनेको इवासाकींचं काय? गिओनमधल्या एकेकाळच्या अव्वल गेशा. गोल्डनने त्यांच्याशी तासन् तास बोलून ही कादंबरी उभी केली, आणि ऋणनिर्देशात त्यांचं नाव छापलं. नाव गुप्त ठेवायचं ठरलं होतं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय कादंबरीतला तो कौमार्याचा लिलाव वगैरे आमच्याकडे नव्हतंच, असंही. २००१ साली त्यांनी दावा लावला, पुढे तडजोड झाली. मधल्या काळात त्यांनी स्वतःचं आत्मचरित्रही लिहिलं. बहीण म्हणाली, "गेइ म्हणजे कला, शा म्हणजे माणूस. सरळ शब्द आहे, कलावंत."

सासूबाई पटकन म्हणाल्या, "कलावंतीण."

तिघीही जरा थांबलो. एका वेलांटीत केवढं काय काय येऊन बसलं होतं.

मी तरीही वाद सोडला नव्हता. सिनेमा आहे, माहितीपट नाही. दिग्दर्शकाला थोडी मोकळीक नको का, वगैरे. बहिणीने शांतपणे शेंगदाण्याची टरफलं गोळा केली आणि विचारलं, "ताई, 'पिंगा' आठवतंय?"

आठवतंय म्हणजे! २०१५चा डिसेंबर. इनामदारांची 'राऊ' मी कितीदा वाचलेली, आणि 'बाजीराव मस्तानी'त काशीबाई मस्तानीच्या हातात हात घालून नाचतायत. पेशव्यांची पत्नी! वर ती नऊवारी, कंबर उघडी टाकून नेसलेली. मी मध्यंतरात समोशाच्या रांगेत अनोळखी बाईला काष्टा कसा घालतात हे समजावून सांगितलं होतं. नवरा लांब जाऊन उभा राहिला होता. घरी येऊनही आठवडाभर माझं तेच चालू होतं. ऑफिसातल्या एका पंजाबी मैत्रिणीने मात्र एवढंच म्हटलं होतं, "पण दिसतं किती सुंदर!"

मी शेंगदाण्यांचा वाडगा बहिणीपुढे सरकवला.

सिनेमा संपत आला होता. चेअरमन आणि सायुरी बागेत, पाणी, दगड, छाटलेली झाडं. पुस्तकात ती पुढे न्यूयॉर्कला जाते, पण मी नाही बोलले. सासूबाईंनीच चष्मा पुसून विचारलं, "ही बाग आपल्या सिंहगड रोडवरची का गं?"

"नाही हो मावशी," बहीण म्हणाली, "ही कॅलिफोर्नियातली. सिंहगड रोडची जपानातल्या ओकायामाच्या बागेवरून केलीय. ती जास्त जपानी."